किल्ली कोणाच्या कमरेला?

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणाऱ्या कामगाराच्या खिशातील स्मार्टफोनकडे पाहून नाक मुरडण्याचे दिवस केव्हाच संपले. पाळी बदलल्याचा ठेकेदाराचा निरोप त्यावरच येतो. गावाकडे पाठवायचे पैसे त्यावरूनच जातात. १ ऑगस्ट २०२५ पासून तर भविष्य निर्वाह निधीचा नवा यूएएन क्रमांक काढण्यासाठी, काही अपवाद वगळता, उमंग अ‍ॅपसमोर चेहरा धरण्याची अट घालण्यात आली. म्हणजे कामगाराच्या हक्काच्या पैशाकडे जाणारी वाट सरकारनेच फोनमधून आखून दिली आहे. परंतु हा फोन ज्या दिवशी सुरू होण्याचे नाकारतो, त्या दिवशी तो नेमका कोणाचा असतो, हा प्रश्न सरकारला पडत नाही. आणि खेदाची गोष्ट अशी की कामगार चळवळीलाही तो पडलेला दिसत नाही.

प्रकार नेहमीचाच आहे. चार-पाच वर्षे वापरलेला फोन, कंपनीने नवी प्रणाली पुरवणे मधेच थांबवलेले. एके सकाळी पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह उमटते, फोन थरथरतो, विझतो आणि पुन्हा तेच बोधचिन्ह उमटते. दुकानदारांच्या भाषेत, 'लोगोवर अडकला'. अधिकृत सेवा केंद्रात मुख्य बोर्ड बदलण्याचा सल्ला मिळतो, आणि त्याचा खर्च ऐकला की नवा फोनच घ्यावा असे वाटू लागते. (वाटावे, हाच त्यामागील हेतू!) ज्याला ते परवडत नाही तो अंबरनाथहून निघून उल्हासनगरच्या कॅम्पातील एखादे दुकान गाठतो. फाळणीत घरदार गमावून कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या सिंधी निर्वासितांनी हे गाव उभे केले. १९४९ साली त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. इथल्या मालावरील 'मेड इन यूएसए'चा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लावून मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या हसत आले. त्या हसण्यात तुच्छता होती. परंतु दुसऱ्याने बनवलेली वस्तू उघडावी, तिचे मर्म ओळखावे आणि ती पुन्हा चालती करावी, हे कसब हसणाऱ्यांपाशी नव्हते, या गावापाशी होते. आजही तिथला कारागीर फोन उलटसुलट करून पाहतो आणि सांगतो, "सॉफ्टवेअर मारावं लागेल."

हे 'मारणे' म्हणजे काय, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. कारण राजकारण नेमके तिथेच आहे. फोनचे बटण दाबताच प्रथम जागी होते ती चिपमध्ये कायमची कोरलेली एक छोटी आज्ञावली. ती बूटलोडर नावाच्या दुसऱ्या आज्ञावलीवरची सही तपासते. बूटलोडर प्रणालीच्या गाभ्यावरची, म्हणजे कर्नलवरची सही तपासतो, आणि मग बाकीची प्रणाली उठून बसते. या साखळीतील एखादी कडी जुळली नाही, की फोन मागे फिरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. कधी अपडेट अर्धवट उतरलेले असते, कधी साठवणीची चिप थकलेली असते, कधी जुन्या प्रणालीचा मजकूर तसाच ठेवून त्यावर नवी प्रणाली चढवलेली असते, तर कधी दुसऱ्याच मॉडेलची फाईल घातलेली असते. उपायही गूढ नाहीत. आवाजाचे आणि चालू-बंदचे बटण एकत्र दाबून रिकव्हरीत शिरावे व तात्पुरती साठवण पुसावी. तेवढ्याने भागले नाही तर संगणकाला केबल जोडून फास्टबूटमधून मूळ बूट विभाग पुन्हा लिहावा. नवी प्रणाली घातल्यानंतर फोन अडकला असेल तर मजकुराचा विभाग समूळ पुसावा लागतो. त्यात मुलांचे फोटो जातात, म्हणून प्रत आधीच काढून ठेवलेली बरी. जाणता कारागीर आणखी एक काळजी घेतो. आयएमईआय क्रमांकाशी निगडित माहिती ज्या विभागात असते, त्याची प्रत तो काम सुरू करण्यापूर्वीच बाजूला ठेवतो, कारण तो विभाग बिघडला तर फोन सुरू होऊनही नेटवर्क मिळत नाही. आयएमईआय बदलणे हा गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे. प्रणाली बदलणे हा गुन्हा नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ करून साऱ्या दुरुस्तीवाल्यांना चोरांच्या पंक्तीला बसवण्याची जी खोड पोलीस ठाण्यांपासून वर्तमानपत्रांपर्यंत दिसते, तिचा लाभ कोणाला होतो हे उघड आहे.

याच वाटेने आणखी पुढे जाता येते. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनवर लिनिएजओएससारखी, जगभरच्या स्वयंसेवकांनी सांभाळलेली प्रणाली घालता येते. तसे केले तर टाकाऊ ठरवलेला फोन आणखी काही वर्षे चालतो आणि सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्याही त्याला मिळत राहतात. अट एकच: बूटलोडरचे कुलूप उघडले पाहिजे. आणि त्या कुलपाची किल्ली फोनच्या मालकाकडे नसते! ह्वावे कंपनीने २०१८ साली किल्ली देणेच बंद केले. शाओमीने अर्ज, खाते आणि प्रतीक्षा यांचा असा घाट घातला आहे की सरकारी कचेरीने धडा घ्यावा. काही कंपन्यांच्या बाबतीत तर अर्ज करायलाही जागा नाही. क्वालकॉमच्या चिपवर चालणारा फोन निपचित पडला तरी चिपमध्ये एक आपत्कालीन दार शिल्लक असते. परंतु त्या दारातून आत जाणारी आज्ञावली कंपनीच्या सहीची लागते, आणि ती सेवा केंद्रांबाहेर दिली जात नाही. मग दुकानदाराने ती कुठून तरी फुटलेल्या प्रतींतून मिळवायची, आणि तसे केले म्हणून त्यालाच चोर म्हणायचे.

महाराष्ट्राला हा मामला नवा नाही. जमीन कसणारा एक आणि सातबारावर नाव दुसऱ्याचे, ही व्यवस्था मोडण्यासाठी १९४८ चा कूळ कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. स्मार्टफोनच्या बाजारात ती व्यवस्था उलट्या पावलांनी परत आली आहे. इथे गिऱ्हाइकाने पूर्ण किंमत मोजलेली असते, पावती त्याच्या नावाची असते, आणि तरीही तो कूळच राहतो. जमीनदार निदान खंड तरी मागत असे. हा नवा जमीनदार ठराविक वर्षांनी जमीनच नापीक करून टाकतो आणि शेजारचा तुकडा विकत घ्यायला लावतो.

कंपन्यांचा युक्तिवाद सुरक्षेचा आहे. कुलूप नसेल तर चोर फोनमध्ये हवे ते घालील, बँक खाते रिकामे करील, असे त्या सांगतात. यातील पहिला भाग खरा आहे, आणि तो नाकारण्यात काही शहाणपणा नाही. कुलूप हवेच. प्रश्न किल्लीचा आहे. घराला कडीकुलूप आवश्यक म्हणून बिल्डरने सगळ्या किल्ल्या स्वतःच्या कमरेला अडकवून ठेवाव्यात, हे कोणी मान्य करील काय? गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल फोनांत मालकाला कुलूप उघडता येते, दुसरी प्रणाली घालता येते आणि त्या प्रणालीच्या किल्लीने पुन्हा कुलूप लावताही येते. (साखळी कंपनीशिवायच्या किल्लीने चालली आहे, एवढीच सूचना फोन सुरू होताना दिसते.) तेव्हा सुरक्षा आणि मालकी यांत तंत्रज्ञानाने भांडण लावलेले नाही, ते विक्रीखात्याने लावले आहे.

बँकांचा व्यवहार याहून विचित्र आहे. फोनची मूळ प्रणाली बदलली आहे असे दिसताच अनेक बँकांची अ‍ॅप चालण्याचे नाकारतात. फोन विश्वासार्ह आहे की नाही, याचा दाखला ती गूगलच्या यंत्रणेकडून मागतात. परिणाम असा की ज्या फोनला वर्षानुवर्षे सुरक्षेची एकही दुरुस्ती मिळालेली नाही, तो कंपनीची मूळ प्रणाली बाळगतो म्हणून अनेकदा सोवळा ठरतो. आणि त्याच फोनवर गेल्या महिन्यापर्यंतच्या दुरुस्त्यांसह स्वयंसेवकांची प्रणाली घातली, की तो ओवळा! ही तपासणी सुरक्षेची म्हणावी की शिक्क्याची? भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याच कंपनीच्या शिक्क्यावाचून भारतीय नागरिकाला आपल्या बँकेत शिरता येऊ नये, या विसंगतीची लाज रिझर्व्ह बँकेला वाटायला हवी.

इथे एक जुना दाखला आठवणे उपयोगाचे आहे. स्टीव्ह कोंडिक या प्रोग्रॅमरने २००९ साली सायनोजेनमॉड ही प्रणाली सुरू केली आणि हजारो हातांनी ती फुकट घडवली. २०१३ मध्ये तिच्या नावाने कंपनी निघाली. त्या कंपनीने आपल्या प्रणालीचे भारतापुरते हक्क एकट्या मायक्रोमॅक्सला दिले, आणि डिसेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात वनप्लसच्या फोनांच्या विक्रीला मनाई झाली. काही दिवसांतच खंडपीठाने ती स्थगित केली. सामुदायिक श्रमाचे फळ दोन कंपन्यांच्या कज्जात अडकले आणि ज्यांनी ते पिकवले त्यांना कोणी साक्षीलाही बोलावले नाही. २०१६ अखेर त्या कंपनीने आपल्या सेवांना टाळे ठोकले. स्वयंसेवकांनी मात्र तोच मजकूर उचलून लिनिएजओएस या नावाने काम पुढे चालू ठेवले. ते त्यांना करता आले, कारण तो मजकूर सर्वांसाठी खुला होता. अँड्रॉइडचा गाभा असलेला लिनक्सही खुल्या परवान्याखाली आहे. त्यात केलेले बदल जाहीर करण्याचे बंधन फोन कंपन्यांवर आहे, आणि त्यातील कित्येक ते महिनोन्‌महिने टाळतात. सार्वजनिक विहिरीचे पाणी उपसून त्यावर स्वतःचे कुलूप घालण्याचाच हा प्रकार आहे.

चळवळीतील काही ज्येष्ठ मंडळी म्हणतील, ही सुखवस्तू पोरांची हौस आहे; पगार, बोनस आणि कायम नोकरीचे प्रश्न सोडून यात कुठे शिरायचे? त्यांनी अंगणवाडी सेविकांना विचारावे. २०१९ साली राज्य शासनाने त्यांच्या हाती सुमारे एक लाख स्मार्टफोन दिले. रॅम दोन जीबी. कामाचा बोजा मात्र वाढता. फोन तापू लागले, अडकू लागले, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांवर पडू लागला. त्यातच केंद्राचे पोषण ट्रॅकर अ‍ॅप इंग्रजी भाषा घेऊन आले. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविकांनी ते फोन शासनाच्या कचेऱ्यांत नेऊन परत केले. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या बायकांनी यंत्राच्या मालकीवरून केलेला तो लढा होता, आणि तो पोरांच्या हौसेचा नव्हता. त्यांच्या मागण्या चांगल्या फोनच्या आणि मराठी अ‍ॅपच्या होत्या. त्या पूर्णतः रास्त होत्या. नवी प्रणाली घातली म्हणून दोन जीबीचे चार जीबी होत नाहीत, हेही खरे. परंतु लाखभर फोन एकगठ्ठा घेणाऱ्या गिऱ्हाइकाला किल्ली नाकारण्याची हिंमत कोणत्याही कंपनीला झाली नसती. किल्ली हाती असती तर अनावश्यक अ‍ॅपचा भरणा काढून टाकलेली हलकी प्रणाली त्या फोनांवर घालता आली असती, आणि अडकलेला फोन तालुक्याच्या गावातच उठवता आला असता. केरळने शाळांतील संगणकांवर मुक्त प्रणाली चालवून दाखवली आहे. महाराष्ट्रात त्याला अडचण पैशाची नाही.

केंद्र सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली गेली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संकेतस्थळ आले, आणि मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाचा अहवालही ग्राहक खात्याच्या हाती पडला. निर्देशांक म्हणजे वस्तूच्या खोक्यावर छापायचे गुण. गुणांच्या जोरावर कोणी कंपनीला न्यायालयात खेचू शकत नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे प्रणालीच्या दुरुस्त्या आणि सात वर्षे सुटे भाग पुरवण्याचे बंधन घातले. तिथे माल विकणाऱ्या बऱ्याच कंपन्या त्याच आहेत ज्या अंबरनाथ स्थानकाबाहेर आपले फलक लावतात. युरोपातील गिऱ्हाइकाला जे कायद्याने मिळते, ते इथल्या गिऱ्हाइकाने दयेवर का मागावे?

किल्लीचे बंधन मात्र युरोपनेही घातलेले नाही, आणि मागणी तिथूनच पुढे गेली पाहिजे. ज्या दिवशी कंपनी एखाद्या फोनची प्रणाली सांभाळणे थांबवील, त्या दिवशी त्याच्या बूटलोडरची किल्ली, चिप चालवणाऱ्या आज्ञावल्या आणि निपचित फोन उठवणारी सहीची फाईल कोणाही मागणाऱ्याला विनामूल्य मिळाली पाहिजे. बँकांनी शिक्का न पाहता दुरुस्ती किती ताजी आहे हे पाहिले पाहिजे. आणि भविष्य निर्वाह निधीसारख्या हक्काच्या कामासाठी फोनवाचूनही चालणारी खिडकी प्रत्येक कचेरीत उघडी राहिली पाहिजे.

कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. अंबरनाथच्या वसाहतीत कामगार संघटनांच्या कचेऱ्या आहेत, उल्हासनगरला कारागीर आहेत, बदलापूरला तंत्रशिक्षण घेतलेली बेकार पोरे आहेत. रविवारी चार केबली आणि एक जुना संगणक एवढ्या भांडवलावर अडकलेले फोन उठवण्याचे वर्ग सुरू होऊ शकतात. आणि राज्य शासनाची पुढील फोनखरेदी जाहीर होईल तेव्हा किल्ली शासनाच्या ताब्यात देण्याचे कलम निविदेत आहे की नाही, हे सेविकांच्या संघटनांनी निविदा उघडण्यापूर्वीच विचारावे.