धोका अठराव्या वर्षी संपत नाही

शाळकरी वयात मुलाने सिगारेटला हात लावला नाही की पालक निश्चिंत होतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुणांचा अनुभव मात्र अशी निश्चिंती बाळगू नये, असे सांगतो.

1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील बारावीच्या कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांच्या धूम्रपानात फारसा फरक नव्हता. पुढच्या पंधरा वर्षांत कृष्णवर्णीय मुलांमधील प्रमाण झपाट्याने घसरले. श्वेतवर्णीयांमधील तेवढे घसरले नाही. हे मोठेच यश होते. पण वयाच्या तिशीपर्यंत हा फरक जवळजवळ पुसला जातो, कारण अनेक कृष्णवर्णीय तरुण धूम्रपान उशिरा, शाळा सुटल्यावर सुरू करतात. सिगारेट सोडण्याचा प्रयत्न ते अधिक वेळा करतात, पण त्यांना यश कमी येते. दिवसाला कमी सिगारेटी ओढूनही कृष्णवर्णीय पुरुषांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण श्वेतवर्णीय पुरुषांपेक्षा जास्त आढळते.

याचे खापर वंशावर फोडणे चुकीचे ठरेल. कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांपैकी दहांतले सुमारे आठ जण मेन्थॉलची सिगारेट ओढतात. मेन्थॉलच्या थंडाव्यामुळे धूर घशाला बोचत नाही. त्यामुळे सवय सहज लागते आणि सुटता सुटत नाही. ही आवड उपजत नाही. तंबाखू कंपन्यांनी कित्येक दशके कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये आणि त्यांच्या मासिकांमध्ये मेन्थॉलच्या जाहिरातींचा मारा करून ती रुजवली. 2009 च्या कायद्याने इतर स्वादांच्या सिगारेटींवर बंदी घातली, मेन्थॉलला मात्र वगळले. 2022 मध्ये मांडलेला मेन्थॉलबंदीचा प्रस्तावही जानेवारी 2025 मध्ये मागे घेण्यात आला.

सरासरीचे आकडेही फसवतात. आशियाई वंशाच्या अमेरिकनांमध्ये धूम्रपान एकूण कमी दिसते, पण कोरियन आणि व्हिएतनामी पुरुषांमध्ये ते बरेच जास्त आढळले आहे. मूळ अमेरिकी समाजात तर तरुणांपासून प्रौढांपर्यंत हे प्रमाण सर्वाधिक आहे.

अमेरिकेने डिसेंबर 2019 मध्ये तंबाखू खरेदीचे किमान वय 21 केले. भारतातील 2003 च्या कायद्यात ते 18 ठरले. म्हणजे कॉलेज, वसतिगृह किंवा पहिली नोकरी सुरू होते, नेमके तेव्हाच हे संरक्षण संपते. शाळेतील तंबाखूविरोधी प्रबोधन आवश्यकच आहे. पण त्याच निर्धाराने कॉलेज आणि कामाच्या ठिकाणीही तरुणांपर्यंत पोहोचायला हवे.