इंडोनेशियात भाव विचारता, मग जिना का विचारत नाही?

आमच्या व्यापारी बंधूंपैकी बरेच जण आता इंडोनेशियाला जाऊ लागले आहेत. कोणी जकार्ताच्या तानाह आबांग बाजारात कापड पाहायला जातो, कोणी जेपारा येथील लाकडी नक्षीकामासाठी, तर कोणी सोलो आणि पेकालोंगानच्या बाटिकसाठी. काम दोन-तीन दिवसांचे असते. पुढचे चार दिवस बायकामुलांसह बाली किंवा लोम्बोक. जावामध्ये अजान कानी पडते, हलाल जेवण मिळते, त्यामुळे परक्या मुलखात आल्यासारखे वाटत नाही. आम्हाला नेमकी हीच गोष्ट खटकते. घरच्यासारखे वाटले की माणूस चौकशी करणे सोडतो, आणि त्या देशाची जमीन मात्र आपल्या घरच्यासारखी नाही.

सुमारे १२७ जागृत ज्वालामुखी, भूकंपाचे पट्टे आणि चोहोबाजूंनी समुद्र असा तो देश आहे. म्हणून तिथे जाऊच नये असे आमचे म्हणणे नाही. तिथेही कोट्यवधी लोक राहतात, दुकाने चालवतात, मुलांची लग्ने करतात. पण त्यांना जे माहीत असते ते आपल्या माणसाला माहीत नसते. खोलीच्या भाड्यासाठी अर्धा तास घासाघीस करणारा आमचा शेटजी जिना कोणत्या बाजूला आहे हे एकदाही विचारत नाही.

समुद्रापासून सुरुवात करू. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत एकट्या आचे प्रांतात दीड लाखाहून अधिक माणसे गेली. भूकंपाच्या केंद्राजवळ सिमेउलुए नावाचे बेट आहे, बहुतेक वस्ती मुस्लिम. तिथे सुमारे ७८ हजार लोक राहत होते आणि मृत्यू झाले सात. कारण साधे आहे. १९०७ साली त्या बेटावर अशीच लाट आली होती. तेव्हापासून आज्या-आजोबांनी नातवंडांना एक शब्द शिकवला, ‘स्मोंग’. जमीन जोरात हलली आणि पाणी मागे हटले की कोणाचीही वाट न पाहता टेकडीवर पळायचे. भोंगा नाही, सरकारी निरोप नाही. घरात सांगितलेली एक गोष्ट, तीच कामी आली.

आता तिथले सरकार ‘वीस-वीस-वीस’ असे सांगते. वीस सेकंद किंवा जास्त वेळ जमीन हलली, तर पुढच्या वीस मिनिटांत वीस मीटर उंचीवर जा. हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. मात्र तो कमाल मुदतीचा आहे हे समजून घ्यावे. २८ सप्टेंबर २०१८ रोजी, जुम्याच्या दिवशी मगरिबच्या सुमारास पालू शहरात भूकंप झाला आणि लाट काही मिनिटांतच आली. किनाऱ्यावर उत्सवासाठी लोक जमले होते. शहराच्या काही वस्त्यांत तर जमीनच चिखलासारखी पातळ होऊन घरे वाहून गेली. एकूण चार हजारांहून अधिक लोक दगावले किंवा बेपत्ता झाले.

त्याच वर्षी २२ डिसेंबरच्या रात्री सुंडा सामुद्रधुनीत तर भूकंपाचा धक्काही जाणवला नाही. अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीचा कडा समुद्रात ढासळला आणि जावा व सुमात्राच्या किनाऱ्यांवर लाट चढली. इशारा देणारी यंत्रणा भूकंपावर बेतलेली, त्यामुळे ती गप्पच राहिली. एका रिसॉर्टमध्ये किनाऱ्यालगत मांडव घालून गाण्याचा कार्यक्रम चालू होता. चारशेहून अधिक माणसे त्या रात्री गेली. म्हणून आमचा सल्ला असा की धुमसत्या ज्वालामुखीच्या समोरच्या किनाऱ्यावर, अगदी पाण्याला लागून, रात्रीचा मुक्काम करूच नये. खोली दोन रस्ते आत घ्या. भाडेही कमी पडते, आणि ही गोष्ट आमच्या वाचकांना लगेच पटेल!

किनारपट्टीच्या गावांत ‘जालुर एव्हाकुआसी’ असे लिहिलेल्या पाट्या बाणासह दिसतात. तो सुटकेचा रस्ता. ‘तितिक कुम्पुल’ म्हणजे सगळ्यांनी जमायची जागा. पहिल्या संध्याकाळी फिरायला निघालात की मुलांना घेऊन त्या बाणाच्या वाटेने एकदा चालून या. हॉटेलात जिना पाहून ठेवा, धक्क्याच्या वेळी लिफ्ट वापरू नका. रात्री चपला आणि बॅटरी पलंगाजवळ ठेवा. धक्क्यानंतर पहिली जखम बहुधा फुटलेल्या काचेची असते.

इथे काही वाचक म्हणतील, मौत लिहिली असेल तिथे येणारच. यावर आम्ही हजरत उमर (रजि.) यांच्या सफरीची आठवण देऊ. शामच्या वाटेवर सरग येथे त्यांना पुढे ताऊन पसरल्याची खबर मिळाली. त्यांनी सोबत्यांशी सल्लामसलत केली आणि काफिला माघारी वळवला. हे तकदीरपासून पळणे नव्हे का, असा सवाल तेव्हाही झाला होता. एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जाणे, या अर्थाचा त्यांचा जबाब बुखारी शरीफमध्ये आला आहे. तदबीर सोडून देणे म्हणजे तवक्कुल, असे समजणाऱ्यांनी तो प्रसंग वाचावा.

हे केवळ वादासाठी लिहीत नाही. ५ ऑगस्ट २०१८ रोजी लोम्बोकला मोठा भूकंप झाला तेव्हा उत्तर भागात इशाच्या नमाजच्या वेळी मशीद कोसळली आणि नमाजी आत अडकले. त्याच धक्क्यात बालीतील एका इमामसाहेबांनी भिंतीला हात टेकून नमाज पुरी केली. ती चित्रफीत जगभर फिरली आणि लोकांनी वाहवा केली. त्यांच्या इमानाला आमचा सलाम. परंतु जिवाला धोका असेल तर नमाज मोडण्याची शरियतमध्ये मुभा आहे, हेही त्याच लोकांनी सांगायला हवे होते. खात्री नसेल त्याने निघण्यापूर्वी आपल्या मोहल्ल्याच्या इमामांना विचारून घ्यावे.

डोंगराचा विषय थोडक्यात. ज्वालामुखीच्या धोक्याच्या तिथे चार पायऱ्या आहेत: नॉर्मल, वसपादा, सियागा, आवास. दुसरी पायरी म्हणजे निर्धोक नव्हे. ३ डिसेंबर २०२३ रोजी पश्चिम सुमात्रातील मरापी फुटला तेव्हा तो दुसऱ्याच पायरीवर होता. मुखापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नये अशी सूचना होती, तरी लोक वर होते. २४ गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. गाईड म्हणाला ‘चालते’, तरी ऐकू नका. त्याचा रोजगार त्यावर आहे.

व्यापाऱ्याला खरा फटका बसतो तो राखेचा. फ्लोरेस बेटावरील लेवोतोबी ज्वालामुखी बालीपासून सुमारे आठशे किलोमीटर दूर आहे. तरी नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये त्याच्या राखेमुळे बालीची विमाने रद्द झाली. जून २०२५ मध्ये दिल्लीहून निघालेले एक विमान वाटेतूनच माघारी आले. राख इंजिनात वितळून चिकटते, म्हणून वैमानिक धोका पत्करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण ईदच्या मालाचा वायदा दिलेला कारागीर तिथे अडकला तर गिऱ्हाईक इथे थांबत नाही. विमान कंपनी तिकिटाचे पैसे किंवा दुसरी तारीख देते. हॉटेलचा वाढीव खर्च सहसा आपल्याच खिशातून जातो. तेव्हा परतीची तारीख आणि मालाचा वायदा यांत चार दिवसांची फट ठेवा. व्हिसाच्या शेवटच्या दिवशी परतीचे तिकीट काढू नका, मुदत उलटली की दर दिवसाला दहा लाख रुपिया दंड आहे.

विम्याबाबत उलेमांत मतभेद आहेत, त्यात आम्ही पडत नाही. जो घेतो त्याने ज्वालामुखी फुटण्यापूर्वी घ्यावा, नंतर घेतलेला सहसा उपयोगी पडत नाही. जो घेत नाही त्याने तेवढी रक्कम वेगळी बाजूला ठेवावी.

राहता राहिले आपले टूरवाले. पासपोर्टच्या झेरॉक्ससोबत ते बागेचे, देखाव्याचे रंगीत कागद देतात. आमची त्यांना मागणी एकाच साध्या कागदाची आहे. त्यावर जकार्तातील भारतीय दूतावासाचा आणि बाली व मेदान येथील वाणिज्य दूतावासांचा फोन, बचाव पथकाचा ११५ हा नंबर, हॉटेलचा पत्ता तिथल्या भाषेत आणि वरचे ते चार-पाच शब्द मराठीत किंवा उर्दूत लिहून द्यावेत. मोबाईलची बॅटरी संपल्यावर कागदच हातात राहतो. जो टूरवाला हा कागद देणार नाही, त्याच्याकडे पुढच्या वेळी बुकिंग करू नये.