बाळ दूध ओढेना

आमच्या पिंगळीत तान्हं बाळ दूध ओढेनासं झालं की दादीअम्मा आधी म्हणतात, नजर लागली. मग दम, मिरच्या ओवाळणं, आणि यातच रात्र जाते. आम्हाला भीती त्या रात्रीची वाटते. दुआ गाडीतही पढता येते. जंतुसंसर्ग अंगभर पसरला, म्हणजे सेप्सिस झाला, तर नवजात बाळाला ताप येईलच असं नाही. कधी उलट अंग गार पडतं. रडणं बारीक होतं, हातपाय ढिले पडतात, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, बेंबीतून पू येतो. (नाळेला राख-तेल नको, कोरडी ठेवा.)

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हीच लक्षणं ओळखायला, इंजेक्शनही द्यायला, खेड्यातल्या बायकांना शिकवलं. इतर गावांच्या तुलनेत तिथले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आज आशाताई बाळ बघायला घरी येतात, त्यामागे हेच काम आहे. चिल्ल्यात बाहेरची बाई नको म्हणून काही घरं त्यांना दारातूनच परत पाठवतात. आत येऊ द्या त्यांना.

यातली एक जरी खूण दिसली तर १०२ किंवा १०८ ला फोन करा, परभणीला निघा. वाटेत बाळ टोपी घालून आईच्या छातीशी उबेत धरा.