संगणक आला, वीजबिलाचं काय?

मैत्रिणींनो, बिलोली तालुक्यातल्या एका शाळेत गेले, तर लोकवर्गणीतून घेतलेल्या संगणकावर चादर टाकलेली. बिल थकलं म्हणून वीज तोडली होती. मुलगे घरच्या मोबाइलवर काहीबाही शिकतात. मुलीच्या हाती मोबाइल कोण देतं? तिला शाळेतल्याच संगणकाचा आधार.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेचा विकास आराखडा ही समितीच करते आणि सरकारी अनुदान त्यावरच ठरायचं असतं. पण आपण बैठकीला जातो ते सहीपुरतं! यापुढे यंत्राच्या किमतीशेजारी वीजबिल, दुरुस्ती, शिकवणाऱ्याचं मानधन आणि मुलींचे राखीव तास आराखड्यात लिहायला लावू या. कागदावर आलं, तरच हक्कानं मागता येईल.