कौतुक पुरे, कपाट कुठे आहे?

परदेशी स्थायिक झालेली आपली मंडळी सुटीत गावी आली, की पहिल्या आठवड्यातच एक वाक्य हमखास कानी पडते: ‘तिकडची माणसे किती वाचतात हो! गाडीत, बागेत, दवाखान्याच्या रांगेतसुद्धा हातात पुस्तक!’ ऐकणारे मान डोलावतात, आपल्या मुलांकडे एक जळजळीत कटाक्ष टाकतात आणि विषय तिथेच मिटतो. या कौतुकाला माझा आक्षेप आहे. आज ते अर्धेच खरे आहे, हा भाग वेगळा. मी राहतो त्या टोरांटोच्या भुयारी रेल्वेतही आता पुस्तकांपेक्षा मोबाइलच अधिक दिसतात. आक्षेप आहे तो त्यामागील आळसाला. वाचन हा गोऱ्या कातडीचा किंवा थंड हवेचा गुण आहे असे एकदा मानले, की आपल्याला करण्यासारखे काही उरतच नाही.

तेथे खरोखर काय घडते ते पाहावे. नव्याने आलेल्या कुटुंबाच्या हाती जी पहिली चार कागदपत्रे पडतात, त्यांत ग्रंथालयाचे कार्ड असते. ओळख व पत्ता यांचा पुरावा दाखवला की ते मिळते. अनामत नाही, वर्गणी नाही. शहरात या ग्रंथालयाच्या १०० शाखा आहेत. दूरच्या शाखेतील पुस्तक जवळच्या शाखेत मागवता येते आणि वाचून झाल्यावर कोणत्याही शाखेत परत करता येते. उशिराचा दंड २०२२ साली रद्द झाला, कारण दंडाच्या धास्तीने गरीब घरांतील मुलेच आधी ग्रंथालयाकडे पाठ फिरवतात. नोकरीचा अर्ज लिहायला, इंग्रजी बोलण्याचा सराव करायला, कडाक्याच्या थंडीत नुसते उबेला बसायलाही माणसे तेथे येतात. आणि आलेला माणूस जाताना बहुधा एखादे पुस्तक घेऊन जातो. धड बसताही न येणारी बाळे आईच्या मांडीवरून गोष्टी ऐकतात. रात्री झोपण्यापूर्वी मुलाला चार पाने वाचून दाखवणे ही तेथे विद्वत्तेची खूण समजली जात नाही. बस चालवून दमून आलेला बापही ते करतो, जसे तो मुलाचे दात घासून घेतो.

ही व्यवस्था आकाशातून पडलेली नाही. आँटारिओ प्रांताने १८८२ साली मोफत ग्रंथालयांचा कायदा केला. १ जानेवारी १८८३ रोजी टोरांटोच्या मतदारांनी आपल्याच करातून ग्रंथालय चालवण्याच्या बाजूने कौल दिला आणि १८८४ मध्ये ते उघडले. पुढे १९०३ साली अँड्र्यू कार्नेगी या धनिकाने या शहराला इमारतींसाठी साडेतीन लाख डॉलर देऊ केले. मात्र कोणत्याही गावाला पैसा देताना त्याची अट ठरलेली असे: जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी ग्रंथालयावर खर्चायची. इमारत दुसऱ्याची चालेल, पण रोजचा खर्च आपला हवा, असा तो व्यवहार होता.

आपल्याकडेही १९६७ पासून महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्यात ग्रंथालय-कराची तरतूद नाही. गोव्याने १९९३ च्या कायद्यात ती केली, आणि तीही मद्यावर अधिभार लावून. (प्यालाभर बिअरने कोणाच्या तरी वाचनाला हातभार लागावा, ही कल्पना मला तरी आवडते.) पण सरकारकडे बोट दाखवण्याआधी आपल्या धर्मग्रामांतील घरांकडे पाहू या. लग्नाच्या मांडवाला, बँडला, रोषणाईला आपण कधी हात आखडता घेतला आहे काय? त्याच घरात पुस्तकांचे कपाट कुठे आहे, असे विचारले की मुलांची पाठ्यपुस्तके दाखवली जातात.

आता परदेशातील आपल्या माणसांविषयी. कार्ड मिळताच मुलांसाठी पिशवी भरभरून इंग्रजी पुस्तके घरी येतात, हे चांगलेच आहे. मराठीचे नाव काढले की उत्तर ठरलेले असते: ‘इथे मराठी कुठे मिळणार?’ याच ग्रंथालयात तमिळ, गुजराती, पंजाबी पुस्तकांची कपाटे आहेत. त्या भाषांची माणसे तेथे संख्येने अधिक आहेत हे मान्य. पण ती पुस्तके मागतात आणि मागितलेली वाचायला नेतात, हेही तितकेच खरे. पुस्तक सुचवण्याची सोय प्रत्येक वाचकाला आहे. घरची भाषा वाचल्याने मुलाचे इंग्रजी बिघडेल, ही भीती तर आपण येथूनच बांधून नेलेली आहे. तेथील शिक्षक आणि ग्रंथपाल नेमके उलट सांगतात: मुलांना तुमच्या भाषेत वाचून दाखवा.

मोठ्याने वाचून दाखवणे आपल्याला नवे आहे काय? १५७९ साली गोव्यात उतरलेले फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. त्यांना परका देश आणि परकी भाषा, दोन्हींशी जुळवून घ्यावे लागले. जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांना वाचायला काहीतरी हवे होते. त्यातून ‘ख्रिस्तपुराण’ जन्मले आणि १६१६ साली राशोल येथे छापले गेले. ते देवळादेवळांतून वाचले जाई, आणि अक्षरओळख नसलेली माणसेही ते ऐकत. आज समारंभांत स्टीफन्स यांचे नाव भक्तिभावाने घेतले जाते. पण १९९६ साली फादर कारिदाद द्राग यांनी देवनागरीत सिद्ध केलेली या ग्रंथाची आवृत्ती किती घरांत उघडली गेली? संध्याकाळचा रोझरी आटोपल्यावर कुटुंब एकत्र बसलेलेच असते. तेथे कोणीतरी दोन पाने वाचायला कोणता कर लागतो?

पुस्तके जड होतात, असे परत जाणारे सांगतात. विमानात दोन बॅगांचे मिळून ४६ किलो नेता येतात. त्यांत वर्षाचा मसाला बसतो, सुके बोंबील बसतात, शेजारणीने तिच्या मुलीसाठी दिलेले लोणचेही बसते. कादंबरी फार तर पाव किलोची असते, आणि तिला वासही येत नाही.