लिहायचं मेन्झीज, म्हणायचं मिङिस

शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या वहीत मी लिहून ठेवलं होतं : ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान, रॉबर्ट मेन्झीज. हे आडनाव मूळचं स्कॉटलंडचं आणि तिथे ते ‘मिङिस’ असं उच्चारतात, हे फार उशिरा कळलं. ‘वाङ्मय’ म्हणताना जो ङ नाकातून येतो, तोच. मग झ गेला कुठे?

झ तिथे कधी नव्हताच. जुन्या स्कॉट्स लिखाणात ‘योख’ नावाचं अक्षर होतं, दिसायला आपल्या ३ या आकड्यासारखं. त्याचा उच्चार बहुधा य-सारखा. न-नंतर आलं की ञ-च्या जवळ जाणारा. पुढे त्याचा ङ झाला. १५०८ साली एडिंबरोत छपाई सुरू झाली. छापखान्याच्या खिळ्यांत योख नव्हतं, म्हणून जुळाऱ्यांनी दिसायला जवळचं झेड बसवलं. कागदावर झ उमटला, तोंडात जुनाच उच्चार राहिला.

आडनावाचा अर्थ मात्र आपल्या ओळखीचा. नॉर्मंडीतल्या ‘मेनियेर’ नावाच्या गावचे ते हे लोक. आपण मेनियेरकर म्हणालो असतो. इंग्लंडमध्ये याच गावनावावरून ‘मॅनर्स’ झालं.

अशीच गोष्ट ‘डॅल्झील’ची. लॅनार्कशरमधल्या गावावरून आलेलं हे आडनाव तिथली माणसं ‘डीएल’ असं म्हणतात. ‘मॅकेन्झी’च्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. गेलिकमध्ये ते ‘कॉन्यिखचा मुलगा’, आणि कॉन्यिख म्हणजे देखणा. त्यातही झ नव्हता; पण छापलेलं वाचता वाचता खुद्द स्कॉटलंडनेही तो स्वीकारला.

ऑस्ट्रेलियाचे मेन्झीज स्वतःचं आडनाव लिहिल्याबरहुकूम उच्चारत. तरी लोकांनी त्यांना टोपणनाव दिलं ‘मिंग’. आजोबा-पणजोबांचा उच्चार समुद्र ओलांडून असा टोपणनावात टिकला, हे मला फार हृद्य वाटतं.

आपल्या ळ-चीही हीच कथा आहे. रोमन लिपीत त्याला जागा नाही. तिथे काळे आणि काले सारखेच दिसतात. लोकमान्य टिळक हिंदीत ‘तिलक’ होतात. स्कॉटलंडमधल्या काही घरांनी पाचशे वर्षं छापील अक्षराला न जुमानता आपला उच्चार राखला, कारण आई मुलाला नाव वाचून दाखवत नाही, हाक मारते. परगावी, परदेशी वाढणाऱ्या आपल्या मुलांनाही त्यांचं आडनाव ळ-सकट ऐकू येऊ द्या. कोणी चुकीचं म्हटलं, तर त्यांना ते न संकोचता सुधारता आलं पाहिजे.