दप्तर घेतलं, हक्कांचं काय?

जून आला की शाळा पालकांना यादी देते: वह्या, बूट, गणवेश. हक्कांची यादी कुणी देत नाही. ती वस्तीवस्तीत पोहोचवणं आपलं काम आहे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ काय सांगतो? वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेशासाठी देणगी मागता येत नाही, मुलाखत घेता येत नाही. मुलाला मारता येत नाही, त्याचा मानसिक छळही करता येत नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक हवेत. समितीत निम्म्या महिला हव्यात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. मग आपल्या आयाबाया त्या बैठकीत का दिसत नाहीत?

२०२४ मध्ये राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असल्यास खासगी शाळांना २५ टक्के राखीव जागांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, कारण लोकांनी आव्हान दिलं. गप्प बसलो असतो तर त्या जागा गेल्या असत्या.

बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत वेगळं बसावं लागलं. आपण आज समितीच्या खुर्चीवर हक्काने बसू शकतो. जयंतीच्या मिरवणुकीला जमणारे आपण शाळेच्या पालक सभेलाही जमलं पाहिजे.

जय भीम!